थायरॉइड ठणठणीत, मग घाम कशाचा? लुफ्त यांच्या रुग्णाचं प्रकरण

रुग्ण पस्तीस वर्षांची स्वीडिश स्त्री. तक्रारी अलीकडच्या नव्हत्या, सात वर्षांची असल्यापासूनच्या होत्या. घाम इतका यायचा की दिवसातून कित्येकदा कपडे बदलावे लागत, आणि तेही स्वीडनच्या हवेत. तहान सतत, पण लघवीचं प्रमाण वाढलेलं नाही, त्यामुळे मधुमेहाची शंका तिथेच मावळली. भूक दांडगी, अंगमेहनत करणाऱ्या गड्याला लाजवेल असं खाणं, तरी अंगाला काही लागत नव्हतं. वजन घटलेलं, अंगात त्राण नाही.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले अंतःस्रावतज्ज्ञ रोल्फ लुफ्त यांच्याकडे ती आली तेव्हा तिचा आधारभूत चयापचय दर, म्हणजे बीएमआर, मोजला गेला. उपाशीपोटी, जागेपणी, शांत पडून असताना माणूस किती ऑक्सिजन वापरतो यावरून हा दर काढतात. हृदय, मेंदू, मूत्रपिंडं यांचं काम चालू ठेवायला आणि पेशींना नुसतं जिवंत राहायला जेवढं इंधन लागतं तेवढंच त्यात मोजलं जातं. तिचा आकडा सामान्याच्या दुपटीच्या बराच पुढे, जवळपास तिपटीच्या घरात गेला. ती पलंगावर निश्चल पडलेली होती आणि शरीर मात्र चालणाऱ्या माणसाइतका ऑक्सिजन ओढत होतं.

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ४० किलोच्या आसपास वजन असलेल्या स्त्रीचा दिवसाचा आधारभूत खर्च साधारण ११०० किलोकॅलरी धरता येतो. तो तिपटीवर गेला तर ३३०० होतो, म्हणजे २२०० किलोकॅलरी जादा. हे काम कुठल्याही हालचालीत दिसत नाही, तेव्हा ते सगळं उष्णता होऊनच बाहेर पडणार. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे ही जादा उष्णता निव्वळ घामावाटे काढायची ठरवली तर रोज पावणेचार लिटर घाम हवा. इतका घाम गेल्यावर तहान लागणारच, आणि प्यायलेलं पाणी त्वचेवाटे निघून जात असल्याने लघवी वाढायला जागाच उरत नाही. घाम, तहान, भूक आणि रोडावलेलं अंग ही चार वेगळी लक्षणं नव्हतीच. चारही एकाच हिशेबातले आकडे होते.

पहिला संशय

असा रुग्ण समोर बसला की कुठलाही डॉक्टर आधी थायरॉइडकडे बोट दाखवेल. गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक सोडू लागली की घाम, भूक, वजनातली घट, धडधड, उकाडा सहन न होणं ही लक्षणं ओळीने हजर होतात. त्या काळात, म्हणजे १९६० च्या आसपास, तर बीएमआर मोजायचा तोच मुळी मुख्यतः थायरॉइडचा अंदाज घ्यायला. त्यामुळे दर वाढलेला दिसला की थायरॉइड चढलेलं, हे समीकरण जवळजवळ पाठच झालेलं होतं.

या रुग्णाच्या थायरॉइडच्या चाचण्या मात्र सामान्य आल्या. ग्रंथीचा बराचसा भाग शस्त्रक्रिया करून काढूनही पाहिला, तरी दर सामान्य पातळीवर उतरला नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा टप्पा हाच आहे, नंतरची प्रयोगशाळेतली करामत नव्हे. चाचणी चुकली असेल, थायरॉइडचा काही वेगळा प्रकार असेल, असं म्हणून फाइल मिटवणं सोपं होतं. लुफ्त यांनी प्रश्नच बदलला. कुठली ग्रंथी हुकूम सोडते आहे हे सोडून त्यांनी विचारलं, हा ऑक्सिजन नेमका जळतो कुठे?

त्याचं उत्तर १९६० च्या सुमाराला बऱ्यापैकी ठाऊक झालेलं होतं. आपण घेतलेल्या ऑक्सिजनपैकी बहुतांश, नव्वद टक्क्यांच्या आसपास, पेशींमधल्या तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांत, खर्ची पडतो. १९४८ मध्ये युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी दाखवून दिलं होतं की अन्नाचं ऑक्सिडीकरण करून त्यातून एटीपी, म्हणजे पेशीच्या प्रत्येक कामाला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवण्याचं काम याच कणिका करतात. शाळेच्या पुस्तकात ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ असं लिहिलेली जी राजम्यासारखी आकृती असते तीच ही. ती आकृती निरुपद्रवी असली तरी दोन गोष्टी दडवते. एक म्हणजे पेशीत अशी कणिका एखाददुसरी नसते. स्नायूच्या किंवा यकृताच्या पेशीत त्या शेकड्यांनी, हजारांनी असतात. दुसरी गोष्ट अशी की ऊर्जाकेंद्र म्हटलं की आपण फक्त निर्मितीचा विचार करतो, थांबण्याचा करत नाही. या रुग्णाच्या तंतुकणिकांत उणीव सापडली ती थांबण्याच्या कामातच.

आणखी एक धागा होता. १९५० च्या दशकात थायरॉइडचं संप्रेरक तंतुकणिकांवर कसा परिणाम करतं यावर बरंच काम चाललं होतं. ते संप्रेरक ज्वलन आणि एटीपीनिर्मिती यांची सांगड सैल करतं की काय, असा एक कयास होता. तेव्हा अंतःस्रावतज्ज्ञाच्या मनात तंतुकणिका येणं अगदीच आकस्मिक नव्हतं. इथे गंमत अशी की संप्रेरकाचा दोष नसताना सांगड सैल झालेली सापडली.

स्नायूचा तुकडा

शहरात माणूसही योग्य होता. लार्स एर्न्स्टर हे मूळचे हंगेरीचे, स्टॉकहोममध्ये स्थिरावलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. माणसाच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेऊन त्यातून तंतुकणिका धडधाकट अवस्थेत वेगळ्या काढण्याची पद्धत त्यांच्या गटाने लुफ्त यांच्यासोबत नुकतीच बसवली होती. निरोगी माणसांच्या कणिका कशा वागतात याच्या नोंदी त्यामुळे आधीच हाताशी होत्या. तुलनेला असा आधार नसता तर या रुग्णाचे आकडे नुसतेच विचित्र वाटले असते.

काम नाजूक असतं. स्नायू कापला की तो बर्फात ठेवायचा, कारण ऊब मिळाली की पेशीतलीच विकरं (एन्झाइम) पेशीला खायला लागतात. तुकडा बारीक चिरून, योग्य क्षारतेच्या थंड द्रावणात हलक्या हाताने घोटायचा, पेशी फुटतील पण कणिका फुटणार नाहीत इतपतच. मग अपकेंद्री यंत्रात फिरवायचं. कमी वेगावर केंद्रकं आणि न फुटलेले तुकडे तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी काढून जास्त वेगावर फिरवलं की तंतुकणिकांचा पिवळसर तपकिरी गोळा खाली जमतो. तो रंग सायटोक्रोम या लोहयुक्त प्रथिनांचा. ही सगळी यातायात केल्यावर हाती येतो तो चिमूटभर गाळ. पण योग्य द्रावणात इंधन दिलं की तो श्वास घेऊ लागतो, शब्दशः: द्रावणातला ऑक्सिजन कमी होत जातो.

हा श्वास कसा वाचायचा ते नीट पाहू, कारण निदान त्यातच आहे. कागदावर ऑक्सिजनची पातळी दाखवणारी रेघ आहे असं समजा. निरोगी कणिकांना इंधन आणि फॉस्फेट दिलं, पण एडीपी, म्हणजे एटीपी बनवायचा कच्चा माल, दिला नाही, तर रेघ जवळपास आडवी, किंचित उतरती राहते. खायला भरपूर आहे, ऑक्सिजन आहे, पण कणिका सुस्त. आता एडीपीचा एक थेंब घाला. रेघ झपकन खाली वळते: कणिका एडीपीला फॉस्फेट जोडून एटीपी बनवायला लागली आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरू लागली. घातलेला एडीपी संपला की रेघ आपोआप पुन्हा आडवी होते. पुन्हा थेंब, पुन्हा उतार, पुन्हा सपाटी. या वागण्याला श्वसन-नियंत्रण म्हणतात. ब्रिटन चान्स आणि जी. आर. विल्यम्स यांनी १९५५ मध्ये या अवस्थांना क्रमांक देऊन त्यांची शिस्तबद्ध मांडणी केली.

एडीपी म्हणजे वापरलेला एटीपी. पेशीने काही काम केलं, स्नायू आकुंचन पावला, पटलातून (पेशीभोवतीच्या पातळ आवरणातून) सोडियम बाहेर ढकलला, प्रथिन बांधलं, की एटीपीचा एडीपी होतो. म्हणजे एडीपी ही पेशीची मागणी आहे. मागणी आली की ज्वलन, नाही आली की विसावा. शरीरात एका वेळी असणारा एटीपी पाव किलोच्या आतच असतो, पण तो दिवसभर इतक्या वेळा मोडतो आणि जुळतो की एकूण उलाढाल किलोंच्या दहांमध्ये जाते. एवढ्या वेगाच्या व्यवहारात गरजेपुरतंच जाळणं किती महत्त्वाचं ते वेगळं सांगायला नको.

रुग्णाच्या कणिकांनी हा नियम पाळला नाही. एडीपी न देताच त्यांचं श्वसन जवळजवळ कमाल वेगाने चाललेलं. एडीपी घातल्यावर पडणारा फरक नगण्य. स्वतःहून थांबण्याची खूण नाही.

अर्धवट सैल

आता बारकावा. या कणिका एटीपी बनवत नव्हत्या का? बनवत होत्या. एडीपी मिळाला की वापरलेल्या ऑक्सिजनच्या मानाने एटीपी बऱ्यापैकी नेहमीच्या प्रमाणात तयार होत होता. म्हणजे यंत्र मोडलेलं नव्हतं, फक्त त्याला लगाम नव्हता. म्हणूनच या प्रकरणावर १९६२ मध्ये निघालेल्या अहवालात सांगड ‘तुटली’ असं न म्हणता ती ‘सैल’ झाली असं म्हटलं आहे, आणि हा फरक रुग्णाच्या आयुष्याचा होता.

सांगड पूर्ण तुटली की काय होतं याचा धडा आधीच मिळाला होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळा कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हाताळणाऱ्या कामगारांना घाम, ताप, वजनात घट असा त्रास होऊ लागला आणि काही जण दगावले. १९३३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच रसायन वजन उतरवणारं औषध म्हणून पुढे आणलं. वजन खरोखर उतरत होतं. पण मात्रा थोडी वाढली की अंगाचा ताप आवाक्याबाहेर जाई, कित्येकांना मोतीबिंदू झाले, आणि १९३८ च्या नव्या अमेरिकी कायद्यानंतर त्याचा हा वापर बंद पडला. दहा वर्षांनी, १९४८ मध्ये, लूमिस आणि फ्रिट्झ लिपमन यांनी दाखवलं की हे रसायन तंतुकणिकांत ज्वलन चालू ठेवतं पण एटीपीनिर्मिती तोडतं. (हे रसायन आजही वजन उतरवण्याच्या नावाखाली चोरून विकलं जातं आणि माणसं मरतात. त्याची सुरक्षित मात्रा आणि जीवघेणी मात्रा यांच्यात अंतरच फार थोडं आहे.)

आपली रुग्ण मात्र बालपणापासून या अवस्थेत जगत आली होती. एटीपी मिळत होता, म्हणून हृदय आणि मेंदू चालत होते. किंमत मोजावी लागत होती ती अन्नात आणि घामात.

पटल इतकं महत्त्वाचं का

१९६२ चा अहवाल लिहिला गेला तेव्हा ज्वलनाची ऊर्जा एटीपीपर्यंत पोचते कशी याचं सर्वमान्य उत्तर नव्हतं. बहुतेक जण मधलं एखादं ऊर्जासंपन्न रसायन शोधत होते, आणि ते सापडत नव्हतं. १९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने वेगळीच कल्पना मांडली: असं रसायन नाहीच, मधला दुवा म्हणजे तंतुकणिकेच्या पटलाच्या दोन बाजूंमधला प्रोटॉनांचा, म्हणजे हायड्रोजनच्या धनभारित कणांचा, फरक. ती पचायला पंधराएक वर्षं गेली. १९७८ मध्ये मिचेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. लुफ्त यांची रुग्ण मिचेल यांच्या चष्म्यातून पाहिली की सगळं चित्र जागच्या जागी बसतं.

तंतुकणिकेला दोन पटलं असतात. बाहेरचं बऱ्यापैकी सच्छिद्र, लहान रेणू त्यातून सहज ये-जा करतात. आतलं मात्र कमालीचं घट्ट. ते आत घड्या घालून पसरलेलं असतं, त्यामुळे मायक्रोमीटरभर जाडीच्या कणिकेत भरपूर क्षेत्रफळ मावतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून एकेक पायरी उतरत शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. प्रत्येक उतरणीत मोकळी झालेली ऊर्जा वापरून ती प्रथिनं प्रोटॉन आतून बाहेर ढकलतात. त्यामुळे पटलावर सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी पाचसहा नॅनोमीटर. हिशेब केला तर मीटरला जवळपास तीन कोटी व्होल्ट.

बाहेर साठलेल्या प्रोटॉनांना परत आत यायचा राजमार्ग एकच, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. त्यातून प्रोटॉन आत येताना त्याचा एक भाग खरोखर फिरतो, आणि त्या फिरण्याच्या जोरावर एडीपीला फॉस्फेट जोडला जातो. पॉल बॉयर यांनी हे फिरणं तर्काने मांडलं, जॉन वॉकर यांनी रचना दाखवली; १९९७ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा आहे. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी या प्रथिनाला चकाकणारा तंतू चिकटवून तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित केला. सस्तन प्राण्यांत एका पूर्ण फेरीला आठ प्रोटॉन लागतात आणि तीन एटीपी बनतात.

आता श्वसन-नियंत्रण समजायला सोपं जातं. गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप थांबतो. खाली कुणी नळ उघडला की पातळी उतरते आणि पंप पुन्हा सुरू होतो. पटलाबाहेर साठलेले प्रोटॉन ही भरलेली टाकी, इलेक्ट्रॉनांची साखळी हा पंप, एटीपी सिंथेज हा नळ. एडीपी नसेल तर नळ बंद, प्रोटॉनांचा दाब कमाल, आणि त्या दाबाविरुद्ध आणखी प्रोटॉन ढकलणं साखळीला जड जातं. ज्वलन मंदावतं. पण टाकीलाच गळती असेल तर? नळाला पाणी येत राहील, फक्त पंप कधी थांबणार नाही. आपल्या रुग्णाच्या नोंदीत नेमकं हेच होतं. एटीपी मिळतो आहे, श्वसन थांबत नाही, आणि गळतीतून वाया गेलेली प्रत्येक कॅलरी उष्णता होऊन बाहेर पडते.

निसर्गाने ही गळती एका ठिकाणी मुद्दाम ठेवली आहे. नवजात बाळांत आणि हिवाळाभर झोपणाऱ्या प्राण्यांत तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांच्या आतल्या पटलात यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं, जे हुकूम मिळाला की प्रोटॉनांना आडवाटेने आत सोडतं. त्यातून कामाचं काही निघत नाही, फक्त ऊब. पण त्या वाटेला दार आहे आणि दाराची किल्ली चेतासंस्थेकडे आहे. या रुग्णाच्या स्नायूंत दार नव्हतंच, सरळ भगदाड होतं.

स्नायूच का, हेही इथे उलगडतं. विश्रांतीत असताना शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी साधारण पाचवा हिस्साच स्नायू वापरतात. जोरदार व्यायामात तोच खर्च कित्येक पटींनी चढतो. म्हणजे स्नायूंच्या तंतुकणिकांची बरीचशी क्षमता बहुतेक वेळ झोपलेली असते, आणि तिला झोपवून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे मागणी नसताना थांबण्याची शिस्त. ती गेली की माणूस पलंगावर पडूनही चालण्याफिरण्याचा खर्च करायला लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

जीवरसायनाच्या नोंदी आणि रुग्णाची लक्षणं जुळली होती. आता रचना पाहायची होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम ब्यॉर्न अफ्झेलियस यांनी केलं. स्नायूच्या पेशींत तंतुकणिकांची गर्दी उसळलेली दिसली. संख्या वाढलेली, आकार लहान-मोठे, काही तर अवाढव्य, आतल्या घड्या दाटीवाटीने भरलेल्या, आणि कुठे कुठे स्फटिकासारखे पुंजके. लुफ्त, इक्कोस, पालमिएरी, एर्न्स्टर आणि अफ्झेलियस या पाच जणांनी हा अहवाल १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये प्रसिद्ध केला. एका रुग्णाचं रुग्णालयातलं निरीक्षण, जीवरसायन आणि पेशीची रचना अशा तिन्ही बाजूंनी एकाच आजाराचा पाठपुरावा त्यात आहे. पेशीतल्या एका अंगकात घर केलेला आजार म्हणून ओळखला गेलेला तंतुकणिकांचा हा पहिलाच.

(अफ्झेलियस यांचं नाव पुन्हा १९७६ मध्ये येतं. वारंवार छातीचे संसर्ग, वंध्यत्व आणि कधी कधी उजवीकडे असलेलं हृदय, हे एकत्र का येतं याचं उत्तर त्यांनी पक्ष्माभिकांच्या (पेशींवरच्या हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या) आतल्या प्रथिनांच्या नसलेल्या ‘हातां’त शोधलं. पेशीच्या रचनेतून आजार वाचण्याची ही नजर एकाच माणसाकडे दोनदा दिसते.)

कणिकांची ती गर्दी म्हणजे दोष की उपाय? मला ती भरपाई वाटते. पेशीला ऊर्जेची ओढ भासली की ती नव्या तंतुकणिका बनवते. व्यायाम करणाऱ्याच्या स्नायूंत नेमकं हेच घडतं. पण नवी कणिकाही त्याच सदोष साच्यातली असेल तर तीही गळणारच. उपायाने मागणी वाढते, मागणीने आणखी उपाय.

त्यानंतर

यासारखा दुसरा नि:संशय रुग्ण सापडायला बरीच वर्षं गेली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्डनमधल्या एका तरुण स्त्रीचं असंच वर्णन आलं: थायरॉइड सामान्य, चयापचय उसळलेला, स्नायूंत तंतुकणिकांची गर्दी. १९७६ मध्ये सॅल्व्हातोरे दिमॉरो आणि सहकाऱ्यांनी तिच्या स्नायूंवर आणखी काम केलं. त्यांच्या मते कणिका कॅल्शियम नीट धरून ठेवू शकत नव्हत्या. सुटलेलं कॅल्शियम परत ओढायचं, पुन्हा सुटायचं, पुन्हा ओढायचं, या न संपणाऱ्या फेऱ्यांत पटलावरचा दाब खर्ची पडत राहिला असावा. गळती प्रोटॉनांचीच असायला हवी असं नाही. पटलावरचा दाब कुठल्याही वाटेने उतरला तरी पंपाला विश्रांती नाही.

तिच्या उपचारातला एक प्रयोग पेशीशास्त्राच्या दृष्टीने फार बोलका आहे. तिला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक देऊन पाहिलं गेलं. जंतुसंसर्ग नसताना प्रतिजैविक कशाला? तंतुकणिकांच्या आत स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, असतात आणि ते जिवाणूंच्या रायबोसोमसारखे असतात. जिवाणूंचं प्रथिन बनवणं थांबवणारं हे औषध तंतुकणिकांचंही थोडंफार थांबवतं, मग बेलगाम कणिकांची निर्मिती जरा रोखता येईल, असा विचार होता. याच कारणाने क्लोरॅम्फेनिकॉल अस्थिमज्जेला जड जातं, त्यामुळे ते कायमचं औषध म्हणून देण्याजोगं नाही.

या कणिकांत स्वतःचा डीएनएही असतो. तो १९६३ मध्ये स्टॉकहोममध्येच काम करणाऱ्या मार्गिट आणि सिल्व्हन नास यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला, लुफ्त यांच्या अहवालानंतर अवघ्या वर्षाने. १९८१ मध्ये माणसाच्या या डीएनएचा पूर्ण क्रम उलगडला: १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं, त्यांतली फक्त १३ प्रथिनं बनवणारी. बाकी हजाराहून अधिक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांच्या आदेशाने बाहेर बनतात आणि आत पाठवली जातात. म्हणून तंतुकणिकेचा आजार कणिकेतल्या डीएनएवाटे आईकडून येऊ शकतो, केंद्रकातल्या जनुकांवाटे दोन्ही पालकांकडून येऊ शकतो, किंवा नव्याने घडलेल्या बदलातूनही. १९८८ पासून या डीएनएतल्या बदलांमुळे होणारे आजार एकामागून एक उजेडात आले. गंमत म्हणजे त्यांतले जवळजवळ सगळे लुफ्त यांच्या रुग्णाच्या उलट आहेत: एटीपी कमी पडतो, स्नायू दमतात, दृष्टी जाते, मेंदूला झटके येतात. ज्या आजाराने हे दालन उघडलं तो स्वतः त्या दालनातला अपवाद ठरला.

सैल सांगडीचं जनुकापर्यंत पोचलेलं उदाहरण २०२२ मध्ये आलं. एकसारखी जुळी मुलं, भरपूर आहार देऊनही वजन धरत नव्हती. त्यांच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशी नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन वापरत होत्या आणि तंतुकणिकांच्या पटलावरचा दाब कमी होता. जनुकांच्या तपासणीत दोष सापडला तो एटीपी५एफ१बी या जनुकात. एटीपी सिंथेजचा बीटा हा घटक या जनुकावरून बनतो. बदल पालकांकडून आलेला नव्हता, नव्याने घडलेला होता, आणि दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत असूनही पुरेसा होता. यीस्टमध्ये याच भागातल्या बदलांनी प्रोटॉनांचा जोर आणि एटीपीनिर्मिती यांची सांगड सैल होते हे आधीच ठाऊक होतं. म्हणजे इथे भगदाड टाकीला नव्हतं, खुद्द नळातच होतं: प्रोटॉन आत येत, पण प्रत्येक वेळी एटीपी हातात ठेवून येतील याची खात्री नाही.

१९६२ मध्ये स्नायूचा तुकडा काढावा लागला, जुळ्यांच्या बाबतीत त्वचेच्या पेशींवर भागलं. क्रम मात्र तोच राहिला. आधी थायरॉइडची शंका फेडायची, मग खाणं आणि खर्च यांचा ताळा घालायचा, मग जिवंत पेशींचा ऑक्सिजन मोजायचा, आणि श्वसन थांबायला हवं तिथे थांबतं का ते पाहायचं. जनुकांची यादी त्यानंतर उघडायची, कारण त्या यादीत सापडलेला बदल खरा दोषी की नुसता वाटेत भेटलेला, हे ठरवायला शेवटी पुन्हा त्या रेघेकडेच यावं लागतं.